दीर्घकालीन ताण आणि अधिवृक्क ग्रंथी

दीर्घकालीन ताण आणि अधिवृक्क ग्रंथी यांचा परस्परसंबंध हा अंतःस्रावशास्त्र, मानसशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही शाखांत अभ्यासला जाणारा विषय आहे. अधिवृक्क ग्रंथी, म्हणजेच ॲड्रिनल ग्रंथी, ताणाच्या प्रसंगी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात व शरीराला तातडीने ऊर्जा उपलब्ध करून देतात. ताण आठवडे, महिने किंवा वर्षे टिकून राहिला तर या संप्रेरकांच्या स्रावाचे नियमन बिघडते आणि त्याचा परिणाम झोप, रक्तशर्करा, रक्तदाब, रोगप्रतिकारशक्ती व कार्यशक्ती यांवर होतो. मात्र दीर्घ ताणामुळे अधिवृक्क ग्रंथी ‘थकतात’ किंवा ‘रिकाम्या होतात’ या लोकप्रिय समजुतीला वैद्यकीय आधार मिळालेला नाही. सततच्या थकव्यामागे बहुधा अन्य कारणे असतात आणि त्यांपैकी अनेक कारणे साध्या तपासण्यांनी ओळखता येतात.

लेखाच्या उत्तरार्धात या विषयाचा विचार महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. मुंबईपर्यंतचा लांबचा रेल्वेप्रवास, कारखान्यांतील पाळ्या, वीटभट्ट्यांसाठी होणारे हंगामी स्थलांतर आणि दरडींचा धोका अशी दीर्घकालीन ताणाची भिन्न रूपे या लहानशा भूभागात एकत्र आढळतात.

## रचना आणि कार्य

अधिवृक्क ग्रंथी दोन असून प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या टोकावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. प्रौढ व्यक्तीत एका ग्रंथीचे वजन सुमारे ४ ते ५ ग्रॅम असते. ग्रंथीचे दोन भाग पडतात. बाहेरच्या भागास बाह्यक आणि आतल्या भागास मध्यक म्हणतात. दोन्ही भागांची गर्भावस्थेतील उत्पत्ती वेगळी असून त्यांचे कार्यही वेगळे आहे.

बाह्यकाचे तीन थर आहेत. सर्वांत बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन निर्माण करतो. हे संप्रेरक शरीरातील मीठ व पाणी यांचा समतोल राखते. मधला थर कॉर्टिसॉल निर्माण करतो आणि आतला थर सौम्य पुरुषी संप्रेरके तयार करतो. मध्यकातून ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन स्रवतात. मध्यकावर थेट चेतासंस्थेचे नियंत्रण असते, तर कॉर्टिसॉलच्या स्रावावर मेंदूतील ग्रंथींचे नियंत्रण असते.

## ताणास मिळणारा प्रतिसाद

ताणाला शरीर दोन टप्प्यांत प्रतिसाद देते. पहिला टप्पा काही सेकंदांत सुरू होतो. धोका जाणवताच अनुकंपी चेतासंस्था मध्यकाला उद्दीपित करते व ॲड्रेनालिन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृतातील साठलेली शर्करा रक्तात येते आणि स्नायूंकडे अधिक रक्त वळते.

दुसरा टप्पा काही मिनिटांनी सुरू होतो. मेंदूतील अधोथॅलॅमस एक उद्दीपक संप्रेरक सोडतो, त्यामुळे पोष ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक स्रवते आणि त्याच्या प्रभावाने बाह्यकातून कॉर्टिसॉल बाहेर पडते. या साखळीला अधोथॅलॅमस–पोष ग्रंथी–अधिवृक्क अक्ष म्हणतात. कॉर्टिसॉल यकृताला प्रथिनांपासून नवी शर्करा तयार करण्यास प्रवृत्त करते, मेदातून ऊर्जा मोकळी करते आणि दाह आटोक्यात ठेवते.

रक्तातील कॉर्टिसॉल वाढले की ते अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांना पुढील स्राव थांबवण्याचा संकेत देते. प्रसंग टळल्यावर संपूर्ण यंत्रणा पूर्वस्थितीला यावी, यासाठीची ही व्यवस्था आहे. दीर्घकालीन ताणात मुख्य बिघाड होतो तो या नियमनात. कॉर्टिसॉल तयार करण्याची ग्रंथीची क्षमता सामान्यतः शाबूत राहते.

### दैनंदिन लय

ताण नसतानाही कॉर्टिसॉलची पातळी दिवसभर बदलत असते. रात्रीच्या झोपेच्या उत्तरार्धात ती वाढू लागते, सकाळी जाग येण्याच्या सुमारास उच्च असते आणि जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात आणखी चढते. नंतर ती उतरत जाऊन मध्यरात्रीच्या आसपास नीचांकी होते. त्यामुळे कॉर्टिसॉलच्या एखाद्या तपासणीचा अर्थ नमुना कोणत्या वेळी घेतला यावर अवलंबून असतो. रात्रपाळी करणाऱ्या व्यक्तीत ही लय झोपेच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून तिच्या अहवालाचा अर्थ लावताना कामाची वेळ विचारात घ्यावी लागते.

## संकल्पनेचा इतिहास

इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताची यांनी सोळाव्या शतकात या ग्रंथींचे वर्णन केले. परंतु त्यांचे कार्य सुमारे तीनशे वर्षे अज्ञात राहिले. १८५५ मध्ये इंग्लंडमधील वैद्य टॉमस ॲडिसन यांनी या ग्रंथी नष्ट झाल्याने होणाऱ्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने यांनी ॲड्रेनालिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. बाह्यकातील संप्रेरकांवरील संशोधनासाठी एडवर्ड केंडाल, टाडेउश राइखश्टाइन आणि फिलिप हेंच यांना १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ताणाच्या आधुनिक संकल्पनेचा पाया हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये घातला. निरनिराळ्या प्रकारे त्रास दिलेल्या उंदरांमध्ये त्यांना तीन समान बदल आढळले: अधिवृक्क बाह्यक मोठे होणे, थायमस ग्रंथी आक्रसणे आणि जठरात व्रण पडणे. त्यांनी या प्रतिसादाच्या इशारा, प्रतिकार आणि शक्तिक्षय अशा तीन अवस्था मांडल्या. ‘अधिवृक्क ग्रंथी थकतात’ या पुढील काळातील कल्पनेचे मूळ बऱ्याच अंशी या तिसऱ्या अवस्थेच्या नावात आहे. सेल्ये यांच्या प्रयोगांत ताणाखाली ग्रंथी लहान न होता मोठ्या झाल्या होत्या, ही बाब मात्र त्या कल्पनेत दुर्लक्षित राहते. १९९३ मध्ये ब्रूस मॅक्इवेन आणि एलियट स्टेलर यांनी वारंवारच्या ताणामुळे शरीराची जी झीज साचत जाते तिचा स्वतंत्र विचार मांडला. त्यानुसार हानी होते ती ताणाचा प्रतिसाद वेळेवर बंद न झाल्यामुळे.

## दीर्घकालीन ताणाचे परिणाम

दीर्घकालीन ताणात कॉर्टिसॉल नेहमी वाढलेलेच असते असे नाही. ग्रेगरी मिलर, एडिथ चेन आणि एरिक झाऊ यांनी २००७ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. ताण सुरू झाल्यानंतरच्या काळात कॉर्टिसॉल वाढलेले असते आणि जसजसा काळ लोटतो तसतसे ते उतरत जाते, असे त्यात दिसले. ताण कोणत्या प्रकारचा आहे, तो आटोक्यात आणता येण्याजोगा आहे का, आणि व्यक्तीची मानसिक अवस्था कशी आहे, यांवरही पातळी अवलंबून असते. आघातोत्तर ताणविकाराच्या काही रुग्णांत कॉर्टिसॉल सरासरीपेक्षा कमी आढळते. तेथेही ग्रंथी सक्षम असते. मेंदूची नियंत्रक केंद्रे कॉर्टिसॉलला अधिक संवेदनशील झालेली असतात.

दीर्घकाळ बिघडलेल्या नियमनाचे प्रमुख परिणाम पुढीलप्रमाणे आहेत:

* चयापचय: इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, रक्तशर्करा वाढते आणि पोटाभोवती मेद साचण्याची प्रवृत्ती होते.
* रक्ताभिसरण: रक्तदाब वाढतो व हृदयविकाराचा धोका वाढतो.
* रोगप्रतिकारशक्ती: संसर्गाशी लढण्याची शक्ती मंदावते; त्याच वेळी शरीरात सौम्य दाह टिकून राहू शकतो.
* झोप: सायंकाळी उतरायला हवी असलेली पातळी चढी राहिल्यास झोप उशिरा लागते व वारंवार मोडते.
* मन: चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, विसराळूपणा आणि नैराश्य यांची शक्यता वाढते.

ताणग्रस्त व्यक्तीला येणारा थकवा खरा असतो. अपुरी झोप, मनाची खिन्नता, दाहकारक द्रव्यांचा मेंदूवर होणारा परिणाम, अनियमित आहार आणि शारीरिक श्रम यांच्या एकत्रित प्रभावातून तो निर्माण होतो. त्यासाठी ग्रंथी निकामी झाली असण्याची आवश्यकता नसते.

## ‘अधिवृक्क थकवा’ ही संकल्पना

अमेरिकेतील पर्यायी उपचारक जेम्स विल्सन यांनी १९९८ मध्ये ‘अधिवृक्क थकवा’ अशा अर्थाची इंग्रजी संज्ञा रूढ केली. सततच्या ताणामुळे ग्रंथी पुरेसे कॉर्टिसॉल तयार करू शकत नाहीत व त्यामुळे थकवा, खारट खाण्याची इच्छा आणि सकाळचा जडपणा येतो, असे या संकल्पनेत गृहीत धरले आहे. अंतःस्रावतज्ज्ञांची ‘एंडोक्राइन सोसायटी’ ही संघटना या अवस्थेस रोग म्हणून मान्यता देत नाही. २०१६ मध्ये फ्लाव्हिओ काडेजानी आणि क्लॉडिओ काटर या ब्राझीलमधील संशोधकांनी ५८ अभ्यासांचे पुनरावलोकन करून या संकल्पनेला पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला.

या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्याही निर्धोक नाहीत. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी १२ उत्पादने तपासली असता सर्वांत अवटू ग्रंथीचे संप्रेरक आणि बहुतेकांत एखादे स्टेरॉइड संप्रेरक आढळले. चुकीच्या निदानाचा दुहेरी तोटा होतो. खर्च व्यर्थ जातो आणि थकव्यामागचे खरे कारण तपासायचे राहून जाते.

## अधिवृक्क अपुरेपणा

अधिवृक्क ग्रंथींचे कार्य खरोखर बंद पडणे हा वेगळा, दुर्मीळ आणि जिवावर बेतू शकणारा रोग आहे. ग्रंथीच नष्ट झाल्याने होणाऱ्या प्रकारास ॲडिसनचा रोग म्हणतात. ग्रंथींचा बहुतांश भाग नष्ट होईपर्यंत लक्षणे स्पष्ट दिसत नाहीत. वाढता अशक्तपणा, वजन घटणे, उभे राहताच भोवळ येणे, मळमळ व उलट्या, मीठ खाण्याची तीव्र इच्छा आणि त्वचा काळवंडणे ही त्याची लक्षणे आहेत. सावळ्या वर्णाच्या व्यक्तीत त्वचेतील बदल सहज लक्षात येत नाही. म्हणून तळहाताच्या रेषा, हिरड्या, गालाची आतील बाजू आणि नवे व्रण यांचा रंग पाहिला जातो.

पाश्चात्त्य देशांत या रोगाचे मुख्य कारण स्वप्रतिरक्षा हे आहे. भारतात क्षयरोग व काही बुरशीजन्य संसर्ग ही कारणे अजूनही महत्त्वाची आहेत. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध कॉर्टिसॉलचे विघटन वेगाने घडवते. त्यामुळे ग्रंथी आधीच दुर्बल असलेल्या रुग्णाची प्रकृती उपचार सुरू झाल्यावर बिघडू शकते आणि हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते.

याहून अधिक आढळणारे कारण म्हणजे स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यास मेंदू ग्रंथींना संकेत देणे थांबवतो व ग्रंथी आक्रसतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलेली अशी औषधे अचानक बंद केल्यास तीव्र अशक्तपणा, रक्तदाब कोसळणे आणि बेशुद्धी ओढवू शकते. दमा, सांधेदुखी किंवा त्वचारोगासाठी सल्ल्याविना घेतलेल्या गोळ्या व मलमे यांत हा धोका असतो. सांधेदुखीवरील काही बेनामी पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याचे भारतात नोंदवले गेले आहे. अशा रुग्णाला आपण स्टेरॉइड घेत होतो याची कल्पनाच नसते.

निदानासाठी सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल तपासतात. पातळी संदिग्ध असल्यास एसीटीएचसदृश औषधाची सुई देऊन ग्रंथीचा प्रतिसाद पाहतात. उपचारात हायड्रोकॉर्टिसोन आणि आवश्यकतेनुसार फ्लुड्रोकॉर्टिसोन आयुष्यभर घ्यावे लागते. ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा वाढवावी लागते.

## कर्जत व खालापूर तालुक्यांतील संदर्भ

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले तालुके आहेत. उल्हास नदी कर्जत तालुक्यातून, तर पाताळगंगा खालापूर तालुक्यातून वाहते. भातशेती, कारखानदारी, माथेरानसारखे पर्यटनस्थळ आणि मुंबईतील नोकऱ्या यांवर येथील लोकजीवन अवलंबून आहे. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी या आदिवासी समाजांच्या वाड्या दोन्ही तालुक्यांत आहेत.

### रेल्वेप्रवास

कर्जत हे मध्य रेल्वेच्या मुंबई उपनगरी सेवेतील स्थानक असून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. कर्जतहून एक फाटा पळसदरीमार्गे खोपोलीस जातो. दक्षिण मुंबईत नोकरी करणाऱ्या कर्जतकराला जाण्यास सुमारे दोन तास व येण्यास तितकाच वेळ लागतो. पहाटे पाचच्या सुमारास घर सोडून रात्री नऊपर्यंत परतणाऱ्या प्रवाशाला जेवण, घरकाम आणि झोप यांसाठी जेमतेम आठ तास उरतात. घरातील स्वयंपाकही करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला त्याहून कमी झोप येते.

अशा प्रवासाच्या परिणामांविषयी अन्यत्र संशोधन झाले आहे. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवासाचा कालावधी जितका अधिक, तितके लाळेतील कॉर्टिसॉल अधिक, असे त्यात आढळले. झोपेबाबत १९९९ मध्ये कारीन श्पीगेल व सहकाऱ्यांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले. त्यांच्या सायंकाळच्या कॉर्टिसॉलची पातळी वाढली व शर्करा पचवण्याची क्षमता घटली. पुरेशी झोप मिळाल्यानंतर हे बदल मागे फिरले.

### कारखान्यांतील पाळ्या

खोपोली आणि पाताळगंगा परिसरात पोलाद, कागद, रसायने इत्यादींचे कारखाने आहेत. अखंड चालणाऱ्या उत्पादनात कामगारांना पहिली पाळी, दुसरी पाळी व रात्रपाळी आलटून पालटून करावी लागते. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर कॉर्टिसॉलची दैनंदिन लय नव्या वेळापत्रकाशी पूर्णपणे जुळण्याआधीच वेळापत्रक पुन्हा बदलते. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या, विशेषतः तरुणांच्या, केसांतील कॉर्टिसॉल दिवसा काम करणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. केसांतील पातळीवरून मागील काही महिन्यांचा अंदाज येतो.

### हंगामी स्थलांतर

कातकरी समाज केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. भाताची कामे आटोपल्यावर, साधारणतः दिवाळीनंतर, अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आधी घेतलेली उचल कामातून फेडायची असते. हंगामाच्या अखेरीस हिशेब कसा लागेल याची अनिश्चितता, उन्हातील जड श्रम, मुलांच्या शाळेचा खंड आणि तुटपुंजा आहार हे सर्व त्यात येते. केनियातील शेतकऱ्यांच्या एका अभ्यासात पाऊस कमी झाल्यानंतर शेतीवरच अवलंबून असलेल्यांचे कॉर्टिसॉल वाढल्याचे दिसले. आर्थिक अनिश्चितता शरीरात मोजता येते, याचे ते उदाहरण होय.

या गटात थकव्याचा विचार करताना ताणाबरोबर रक्तक्षय व क्षयरोग यांचाही विचार करावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. स्थलांतरामुळे औषधोपचार मध्येच तुटण्याचा धोका क्षयरुग्णांना विशेष असतो.

### इर्शाळवाडी दुर्घटना

खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले. वाचलेल्या कुटुंबांची सोय प्रथम कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत करण्यात आली.

एकाच रात्री आप्त, घर व उपजीविका गमावलेल्यांच्या दुःखाला येथे आणखी दोन गोष्टींची जोड असते: न सापडलेल्या माणसांचे अंत्यसंस्कार करता येत नाहीत आणि दर पावसाळ्यात तीच भीती परत येते. दचकून जागे होणे, पावसाच्या आवाजाने धडधड वाढणे, त्या जागेचे नाव टाळणे आणि सततची मरगळ ही लक्षणे महिनाभराहून अधिक टिकल्यास आघातोत्तर ताणविकाराचा विचार केला जातो. तो उपचारांनी आटोक्यात येतो. अशा व्यक्तींची मरगळ ‘अशक्तपणा’ समजून केवळ शक्तीच्या गोळ्या व सलाइन देणे पुरेसे ठरत नाही.

## थकव्याची तपासणी

दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या थकव्यासाठी सामान्यतः पुढील क्रमाने तपासणी केली जाते:

१. झोप, पाळी, प्रवास, आहार, मासिक पाळीतील रक्तस्राव, व्यसने आणि चालू औषधे, विशेषतः स्टेरॉइड, यांची चौकशी.
२. वजन, रक्तदाब (झोपून व उभे राहून) आणि त्वचा व हिरड्या यांचे निरीक्षण.
३. हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, अवटू ग्रंथीची तपासणी, मूत्रपिंड व यकृताचे कार्य.
४. खोकला, ताप किंवा वजनात घट असल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी.
५. नैराश्य व चिंता यांविषयी विचारणा.
६. अधिवृक्क अपुरेपणाची लक्षणे असल्यासच सकाळचे कॉर्टिसॉल.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य असतात. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला आहारासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये करण्यात आली. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध असून तेथे मराठीतही संवाद साधता येतो.

## व्यवस्थापन

ताण पूर्णपणे टाळणे बहुतेकांना शक्य नसते. त्यामुळे शरीराला पूर्वस्थितीला येण्यास अवसर देण्यावर भर असतो. झोपेची व उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, रात्रपाळीनंतर अंधाऱ्या व शांत खोलीत झोपणे, दुपारनंतर चहाचे प्रमाण कमी करणे, नियमित चालणे आणि लोहयुक्त आहार घेणे हे उपाय सुचवले जातात. योग व प्राणायाम यांचा ताणावर अनुकूल परिणाम काही अभ्यासांत दिसला आहे. खोपोलीहून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळा येथे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगाच्या शारीरिक परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली होती. नैराश्य किंवा आघातोत्तर विकारात समुपदेशन व आवश्यक तेथे औषधे यांची गरज असते.

व्यक्तिगत उपायांना मर्यादा आहेत. पाळ्या बदलण्याचा क्रम, गाड्यांची संख्या, मजुरीचा स्वच्छ हिशेब आणि सुरक्षित जागी घर या बाबी एकट्या व्यक्तीच्या हातात नसतात. म्हणून दीर्घकालीन ताणाकडे कामगार-कल्याण, वाहतूक आणि पुनर्वसन यांच्याशी निगडित सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणूनही पाहिले जाते.

## हे सुद्धा पहा

* अंतःस्रावी ग्रंथी
* कॉर्टिसॉल
* ॲडिसनचा रोग
* क्षयरोग
* रक्तक्षय
* इर्शाळवाडी
* कर्जत तालुका
* खालापूर तालुका